तिसऱ्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
खारूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनाने जुळवतेस, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहायला बसले आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. समोर लाँड्रीची गच्ची, तिथे दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी वाळत असतात. खोलीतली जोडीदारीण कानात बोळे घालून झोपते, त्यामुळे माझं मोठ्याने वाचणं तिला बाधत नाही. आईला सांग, वेळेवर जेवते आहे आणि अंथरुणाचीही घडी करते आहे. दुसरं तिला खोटं वाटेल, पण खरं आहे.

शास्त्र जमतंय. पेशी, रक्त, जंतू, सगळी मंडळी ओळखीची झाली आहेत. घोडं अडलंय ते इंग्रजीपाशी. आम्हा जीववैद्यकच्या मुलांना ‘शैक्षणिक इंग्रजी’ असा वेगळा विषय आहे. मला वाटलं व्याकरण असेल, निभावून नेऊ. तर शोधनिबंध कसा वाचायचा, प्रयोगाचा अहवाल कसा लिहायचा, काय म्हणायचं आणि किती म्हणायचं, हे शिकवतात. बाई आमचं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर कापतात, म्हणून त्यांचं नाव कात्रीबाई.

या इंग्रजीत कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. मी औषध घातलं असं लिहायचं नाही, औषध घातलं गेलं असं लिहायचं. लहानपणी माझ्या हातून कप फुटला की मी ‘कप फुटला’ एवढंच सांगायचे आणि तू धपाटा घालायचीस. इथे त्यालाच मार्क मिळतात. शिवाय ठणकावून बोलायची सोय नाही. ‘असं दिसतं’, ‘असं असू शकेल’ अशी शेपटी जोडावी लागते. तू पहिल्याच दिवशी नापास झाली असतीस.

थट्टा बाजूला. डिसेंबरात या विषयाचा निकाल लागतो आणि त्यात जो नापास, त्याला पुढल्या वर्षी प्रयोगशाळेत जागा नाही. बाबांनी निघताना काय सांगितलं ते तुला माहीत आहे: एक वर्ष बघ, नाही जमलं तर परत ये, इथल्या कॉलेजात औषधांचा डिप्लोमा कर आणि आपलं दुकान सांभाळ. ते रागाने बोलले असते तर मी भांडले तरी असते. मला दुकान नको आहे, आत्या. मला हेच शिकायचं आहे.

माया आहेच, ती वाढवत राहा.
तुझी,
खारू

---

१२ सप्टेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर डॉक्टरांसारखं होत चाललंय, म्हणजे शिक्षण नीट चालू असावं.

अगं, एवढ्याने हातपाय काय गाळतेस? तू कुणाची भाची आहेस? इतकी वर्षं विंगेत उभी राहून नटांना शब्द पुरवणारी प्रॉम्प्टर आहे मी. एकेकाची अख्खी भूमिका पाठ करून घेतली आहे. पाच वर्षांची असताना तू तीन अंकी नाटकातल्या सगळ्यांची वाक्यं म्हणायचीस, दारावरच्या पहारेकऱ्यासकट. ती जीभ कुठे गेली? भाषा काही आभाळातून पडत नाही, ती तोंडात बसवावी लागते. चांगले निबंध निवड आणि घोकून काढ. स्वल्पविरामासकट पाठ कर. एकदा का पट्टी बसली की वाक्यं आपोआप बाहेर येतील.

इकडे नव्या नाटकाच्या तालमी सुरू आहेत. नायक दिसायला देखणा आहे, डोक्यात मात्र आनंदीआनंद. ‘मी तुला कधीच विसरणार नाही’ हे वाक्यच तो रोज विसरतो. तुझ्या आईने निरोप दिला आहे की अंथरुणाचा फोटो पाठव.

मी आहे तोवर तुला शब्द कमी पडायचे नाहीत.
तुझी,
आत्या

---

६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी मात्रा लागू पडली. रोज सकाळी गच्चीच्या जिन्यावर बसून मोठ्याने म्हणते. लाँड्रीवाल्या बाई आता मला हात करतात, बहुधा प्रार्थना म्हणते असं वाटत असावं. निबंध पाठ होत आले आहेत. काल पहिला मोठा अहवाल लिहायला बसले आणि काय सांगू, नळ सोडल्यासारखी वाक्यं आली. अडखळले नाही, खाडाखोड नाही. आपण लिहितोय की दुसरंच कुणी, असं वाटावं इतकं सुरेख. आज देऊन टाकला.

घाईत आहे, पण खूश आहे. सगळं श्रेय तुला.
तुझी,
खारू

---

२४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. हे पत्र बाबांच्या हाती देऊ नकोस.

कात्रीबाईंनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता आणि शेजारी एक छापील निबंध. दोन्हींत सबंध पानभर मजकूर एकच. मी लिहिलं होतं, ‘तिसऱ्या आकृतीत दाखवल्याप्रमाणे’. बाईंनी शांतपणे विचारलं की तुझी तिसरी आकृती कुठे आहे. माझ्या अहवालात पहिलीसुद्धा आकृती नव्हती, आत्या. त्या निबंधात होती. मी इतकं पाठ केलं होतं की दुसऱ्याचं चित्रसुद्धा माझ्या वाक्यात आलं आणि मला पत्ता लागला नाही.

मी सांगितलं की मी समोर ठेवून उतरवलेलं नाही, माझं पाठ होतं. त्या म्हणाल्या, पानभर मजकूर असा कुणाला पाठ असतो? आता चौकशी समितीपुढे जायचं आहे. नक्कल केली असं ठरलं तर या विषयात शून्य, आणि शून्य म्हणजे काय ते मी पहिल्या पत्रात लिहिलंच आहे. जेवण जात नाही. खोलीतल्या जोडीदारणीने बोळे काढून विचारलं, तेव्हा कळलं की मी रडत होते.

काय करू ते लगेच कळव.
तुझी,
खारू

---

२९ ऑक्टोबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा छत्री घेऊन तिकडे निघायच्या बेतात होते. माझ्या भाचीला चोर म्हणते? ज्या बाईला पानभर पाठ होणं अशक्य वाटतं, तिने आयुष्यात एक तरी नाटक बघितलं आहे का? आणि दुसऱ्याची वाक्यं म्हणणं ही चोरी असेल तर आमची सगळी नाटक कंपनी तुरुंगात हवी. आम्ही तर वर टाळ्या घेतो.

मग चहा घेतला. आता ऐक. रडत बसू नकोस आणि समितीपुढे मान खाली घालू नकोस. त्यांना सांग, तुम्ही सांगाल तो निबंध म्हणून दाखवते. उभी राहा, श्वास घे आणि पहिल्या शब्दापासून सुरू कर. मध्ये कुणी हसलं तरी थांबायचं नाही.

तुझ्या बापाला काही बोलले नाही. तो दोनदा विचारून गेला की पोरगी पत्रात काय म्हणते. मी हवापाण्याचं सांगितलं. तुझं हवापाणी इतकं तपशीलवार कधीपासून झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

धीर सोडू नको, आणि जेवून घे.
तुझी,
आत्या

---

८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

म्हणून दाखवलं. लांबट खोली, पाण्याचे जग, समितीची तीन माणसं आणि कडेला कात्रीबाई. त्यांतल्या दाढीवाल्या प्राध्यापकांनी एक निबंध निवडला. मी सुरू केलं. दुसरं पान उलटताना ते हातातला कागद बघायचे थांबले आणि माझ्याकडेच बघत राहिले. मी तळटीपांचे आकडेसुद्धा म्हटले. शेवटी एक बाई हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत.

मी उतरवलेलं नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं. मला वाटलं, सुटले. तेव्हा कात्रीबाई बोलल्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, दुसऱ्याची वाक्यं पिशवीत घालून आणली काय आणि तोंडात घालून आणली काय, ती दुसऱ्याचीच. या कामात कोण काय म्हणालं हे सांगावंच लागतं, कारण पुढे कुणीतरी त्या वाक्यावर विश्वास ठेवून रोग्याला औषध देणार असतं. तू जे पाहिलंच नाहीस ते ‘दिसलं’ म्हणून लिहिलंस. मग त्यांनी विचारलं, तू म्हणालीस त्यातलं तुला कळलं किती? मला खोटं बोलवेना. निम्मं, असं सांगितलं.

शून्य दिलेलं नाही. एक संधी आहे. डिसेंबरात एका प्रयोगाची नुसती चित्रं आणि आकडे देतील, एकही शब्द नाही, आणि त्यावर समोर बसून अहवाल लिहायचा. पाठांतर कामाचं नाही, कारण पाठ काय करणार? कालपासून कोरा कागद घेऊन बसते. माझं असं एकही वाक्य येत नाही. दुसऱ्याचीच येतात, आणि ती आली की मी खोडते.

तुझ्या उत्तराची वाट बघते आहे.
तुझी,
खारू

---

१४ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझ्या कात्रीबाईंचं बोलणं मला दोन दिवस टोचत होतं. चूक काढायला खूप बघितलं, सापडली नाही. परवा थिएटराबाहेर रंगारी आमच्या नाटकाची पाटी रंगवत होता. सगळ्यांच्या वर, नायकापेक्षाही मोठ्या अक्षरांत, नाटककाराचं नाव. तेव्हा लक्षात आलं. आम्ही दुसऱ्याचं बोलतो, पण कुणाचं बोलतो ते रस्त्यावर लिहून बोलतो. बाई बरोबर आहे. हे तिला कळवायची गरज नाही.

आता उपाय. परवा तालमीत नायक पुन्हा अडला. मी शब्द पुरवला, तो त्याला ऐकू गेला नाही. पुन्हा पुरवला, तरी नाही. दिग्दर्शक वैतागून म्हणाला की अरे, तुला तिला काय सांगायचं आहे ते तरी माहीत आहे ना, मग सांग. आणि ठोंब्या बोलला की. वाक्य नाटकातलं नव्हतं, पण समोरच्या मुलीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

म्हणून तू आधी मला सांग. इंग्रजी राहू दे. प्रयोगशाळेत तू काय केलंस ते आपल्या भाषेत मला लिही, मला कळेपर्यंत. मी शास्त्रातली ढ आहे आणि चिवट आहे, दोन्ही तुला माहीत आहे. मला कळलं की मग ते इंग्रजीत घाल.

अहवालाची वाट बघणारी,
आत्या

---

१९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घे तर. झाकणाची एक सपाट बशी असते, तिच्यात जेलीसारखं जंतूंचं खाद्य. त्यावर मी जंतू सगळीकडे सारखे पसरले. मग कागदाच्या टिकल्या औषधात भिजवून ठेवल्या आणि बशी उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशीवर जंतूंची साय आली होती, पण काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल रिंगण होतं. म्हणजे त्या औषधाने जंतू मेले, हे सिद्ध झालं. कळलं?

घाईत,
खारू

---

२५ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

नाही कळलं. तुझं पत्र चष्मा पुसून तीनदा वाचलं आणि मला शंका आल्या. ओल्या टिकलीखाली जंतू नुसते बुडाले नसतील कशावरून? पाण्याची टिकली ठेवली असती तरी रिंगण झालं असतं की काय? आणि मेले म्हणतेस, ते तू पाहिलंस का? रंगमंच रिकामा दिसला म्हणून नट मेले असं मी कधी म्हणत नाही. विंगेत उभे असतात मेले, प्रवेशच करत नाहीत. तुझे जंतू मेले की नुसते आले नाहीत?

शिवाय एका बशीवरून सिद्ध कसं झालं? एका प्रयोगाला गर्दी झाली म्हणून नाटक चाललं असं आम्ही म्हणत नाही. म्हटलं होतं एकदा, आणि पस्तावलो.

मूर्खासारखं विचारलं असेल तर हस आणि उत्तर दे.
तुझी,
आत्या

---

१ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हसले नाही. पत्र घेऊन तशीच प्रयोगशाळेतल्या सहाय्यक सरांकडे गेले. पाण्याची टिकली आम्ही ठेवलीच होती. तिच्याभोवती रिंगण नव्हतं, म्हणूनच औषधाबद्दल बोलता येतं. मी ते तुला लिहिलंच नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं असं मला वाटलं.

आणि जंतू मेले की आले नाहीत, हे या प्रयोगातून कळत नाही! सर म्हणाले की नुसत्या रिंगणावरून वाढ थांबली एवढंच म्हणायचं, मेले की नाही त्याला वेगळा प्रयोग लागतो. आत्या, मला पाठ असलेल्या प्रत्येक निबंधात ‘वाढ रोखली’ असंच आहे. मी ते शेकडो वेळा म्हटलं आणि मनात ‘मारले’ असा अर्थ धरून बसले. ‘असं दिसतं’, ‘असं असू शकेल’ याला मी शेपटी म्हणत होते. ती भित्र्या माणसाची सवय वाटायची. आता वाटतं, जेवढं पाहिलं तेवढंच बोलायची ती शिस्त आहे.

मग रात्रीचं जेवण विसरून तेच सगळं इंग्रजीत लिहिलं. ओबडधोबड झालंय, पण एकही वाक्य कुठून आलेलं नाही. उद्या दुसरा प्रयोग लिहून पाठवते. शंका काढत राहा, कंटाळू नकोस.

तुझी,
खारू

---

१९ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी निकाल सांगते, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील. पास झाले.

परीक्षेला चार बशांची चित्रं होती आणि आकड्यांचा तक्ता. तीन बशा शहाण्यासारख्या होत्या. चौथीत मात्र नुसत्या पाण्याच्या टिकलीभोवतीही रिंगण. पाठ केलेल्या निबंधांत असं कधी होत नाही, तिथे सगळं सुरळीत असतं. चौथी बशी सोडून द्यावी असंही क्षणभर मनात आलं. मग वाटलं, हे तुला लिहिलं असतं तर तू पहिला प्रश्न तिथेच विचारला असतास. म्हणून लिहिलं की या बशीत काहीतरी बिघडलं असावं, टिकल्या ठेवायच्या चिमट्याला औषध लागलं असण्याची शक्यता आहे, पण नक्की कारण आम्हाला माहीत नाही आणि या बशीवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

कात्रीबाईंनी परत दिलेला कागद लाल शाईने भरला होता. माझी हिंमत खचली. पण त्या म्हणाल्या की इंग्रजी अजून कच्चं आहे, पुढल्या वर्षी माझ्याकडे यावंच लागेल. आणि मग, कागद माझ्या हातात देताना, म्हणाल्या, “चुका पाहून बरं वाटलं. अशा चुका कुठल्याच छापील निबंधात नसतात. हे तुझंच आहे.”

दाराबाहेर येऊन मी जिन्यावर बसले आणि हसत सुटले. पुढल्या वर्षीची प्रयोगशाळेतली जागा पक्की. सोबत त्या कागदाची झेरॉक्स पाठवते आहे. बाबांना आता सगळं सांग, तिसऱ्या आकृतीसकट. मला स्वतः सांगायचा धीर होत नाही. त्यांना अजूनही मी दुकानात हवी असले तर काय उत्तर द्यायचं, ते तूच सुचव.

हे सगळं जिच्यामुळे, तिला पुन्हा एकदा नमस्कार.
तुझी,
खारू

---

२७ डिसेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र आलं त्या दिवशी मी तालमीला गेले नाही. नायकाला म्हटलं, आज तुझं तूच आठव.

तुझा कागद मी पाठ केला. बोट ठेवून वाचत, अडेल तिथे शेजारच्या मास्तरांना विचारत, पण केला. चुकांसकट. एकही सुधारली नाही, कारण बाईंच्या खुणा दिसल्या तरी चूक काय ते मला कळत नाही. मग रविवारी जेवणं झाल्यावर तुझ्या आईबापाला समोर बसवलं, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि उभी राहून कागद म्हणून दाखवला.

तुझा बाप चष्मा काढून ऐकत होता. औषधांच्या खोक्यांवरचं इंग्रजी वाचून वाचून त्याला माझ्याहून बरंच कळतं. चौथ्या बशीपाशी त्याने हात वर केला आणि तेवढंच पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. त्याने विचारलं की आम्हाला माहीत नाही असं तिने लिहिलं, आणि तरी तिला पास केलं? मी म्हटलं, तरी नव्हे, म्हणूनच. तुझी आई भांडी आवरायची सोडून तशीच उभी राहिली. मग तो म्हणाला की इतकी वर्षं दुकान चालवतोय, औषधकंपन्यांची किती माणसं आली आणि गेली, पण हे आम्हाला माहीत नाही असं त्यांतल्या एकानेही मला कधी सांगितलं नाही. असं सांगणारं माणूस तिकडे असायला हवं. दुकान काय, मी बघतो.

तुझा कागद त्याने माझ्याकडून मागून घेतला आहे. या पत्राखाली तोही दोन ओळी लिहितो म्हणतो, म्हणून जागा ठेवली आहे.

दुसऱ्यांचं पुष्कळ पाठ केलं, आता तुझं करायची सवय लागली आहे. पाठवत राहा.
तुझी,
आत्या

चि. खारूस आशीर्वाद. पुढल्या वर्षी स्वतःचा पांढरा कोट लागेल ना? आपल्या शिंप्याकडून शिवून घेतो. बाहीचं माप कळव.
— बाबा